घरी अकॉर्डियनचे थर चढवताना: सूर, वेळ आणि भाता

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२० बटणांचा, मिडी (कोणता स्वर कधी आणि किती जोराने वाजला हे आकड्यांत कळवणारी सोय) बसवलेला अकॉर्डियन, ते आकडे घेऊन निरनिराळ्या वाद्यांचे आवाज काढणारं एक साउंड मॉड्यूल, आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप एवढं सामान आहे. बेस, कॉर्ड, स्ट्रिंग्ज, मधली क्लॅरिनेटसारखी एखादी ओळ आणि सगळ्यांवर खरा अकॉर्डियन असं एकेक वाजवून एकावर एक चढवायचं आहे. प्रत्येक ट्रॅक सुटा ऐकला की छान वाटतो. चार एकत्र केले की सगळं गढूळ होतं, सूर किंचित तरंगतात आणि ठेका पाय ओढत चालतो. मॉड्यूल बदलावं का?

नका बदलू. निदान आत्ता तरी नको. या तिन्ही तक्रारी मी स्वतः भोगल्या आहेत आणि त्यातली एकही मॉड्यूलच्या दर्जामुळे नव्हती. एक सुराच्या जुळणीची होती, एक वेळेची आणि तिसरी भात्याची. भात्याची सगळ्यांत मोठी आणि तिच्याकडे माणूस सगळ्यांत शेवटी बघतो. म्हणून आधीच्या दोन उरकून घेतो.

सूर तरंगतात याचा अर्थ तुमचा अकॉर्डियन बहुधा ४४२ ला लावलेला आहे. अकॉर्डियनमध्ये ‘ए’ हा स्वर ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झला लावण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. मॉड्यूल मात्र चालू केलं की ४४० वर उभं असतं. फरक जेमतेम ८ सेंटचा, म्हणजे अर्ध्या सुराच्या बाराव्या हिश्शाएवढा. सुटं ऐकताना तो कुणाच्याही लक्षात येणार नाही. पण खरा ए आणि मॉड्यूलचा ए एकत्र धरले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. वरच्या सप्तकात चार, खालच्या सप्तकात एक. म्हणजे एकाच कॉर्डमधला प्रत्येक स्वर आपापल्या गतीने डुलतो. त्यात म्युझेट रजिस्टर (रजिस्टर म्हणजे कोणत्या रीड बोलतील ते निवडणारं बटण, रीड म्हणजे स्वर काढणारी धातूची जीभ) लावलेलं असेल तर तिथे दोन-तीन रीड मुळातच एकमेकींपासून थोड्या सरकवून लावलेल्या असतात, त्यांचं डुलणं वेगळंच. दोन्ही एकत्र आलं की कान ‘बेसूर’ असं स्पष्ट म्हणत नाही, नुसता अस्वस्थ होतो. या अस्वस्थतेपायी मी एकदा चांगला सुरात असलेला अकॉर्डियन रीड घासून घ्यायला घेऊन निघालो होतो. बूट घालता घालता आठवलं की आदल्या दिवशी मॉड्यूलला फॅक्टरी रीसेट मारला होता.

जुळणी अशी करा. क्लॅरिनेटचं रजिस्टर लावा, म्हणजे ज्या बटणावर वर्तुळात मधल्या ओळीत एकच ठिपका असतो ते. यात एकच रीड बोलते. मध्यम दाबाने पाच-सहा वेगवेगळे स्वर लांब धरून रेकॉर्ड करा आणि ट्यूनर प्लगइनमध्ये बघा. सगळे एकसारखे येणार नाहीत, कुठल्याच अकॉर्डियनचे येत नाहीत. सरासरी काढा आणि मॉड्यूलचं मास्टर ट्यून (सगळे सूर एकदम वर-खाली करणारी सेटिंग) तिथे नेऊन ठेवा. लॅपटॉपमधलं एखादं सॉफ्टवेअर वाद्य वापरत असाल तर त्याचंही. मोजताना भाता जोरात दाबू नका. जोर वाढला की रीडचा सूर उतरतो आणि खर्जाच्या जाड रीडचा जास्तच उतरतो. म्हणूनच बासून या खर्जाच्या रजिस्टरवर जोरकस वाजवलेल्या ओळीला मॉड्यूलमधल्या चेलोची जोड मी देत नाही. मास्टर ट्यून कितीही नीट लावलं तरी त्या दोघांचं जमत नाही.

आता वेळ. मिडी १९८३ साली बाजारात आलं आणि पाच पिनांच्या केबलमधून जाणारा त्याचा वेग आजही तोच आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर चालू करण्याचा निरोप तीन बाइटचा असतो, त्याला जवळपास १ मिलिसेकंद लागतो, आणि निरोप एकामागे एक रांगेत जातात. उजव्या हाताने तीन स्वर दाबले आणि अकॉर्डियन तेच तीन स्वर तीन वेगळ्या चॅनलवर (चॅनल म्हणजे एकेका वाद्यासाठी वेगळी वाट) पाठवत असला, तर झाले नऊ निरोप. डावीकडे बेसचं एक आणि कॉर्डचं एक बटण, त्या कॉर्डच्या बटणात तीन स्वर, म्हणजे आणखी चार. पहिला आणि शेवटचा स्वर यांच्यात तेरा-एक मिलिसेकंद गेले. वर भात्याचा सेन्सर प्रत्येक चॅनलवर अखंड आकडे ओतत असतो. ठेका पाय ओढतो तो इथे.

उपाय सोपा आहे. अकॉर्डियनने उजव्या हातासाठी एकच चॅनल पाठवावा आणि थर मॉड्यूलच्या पोटात लावावेत, म्हणजे तिथल्या दोन-तीन पार्टना (एकेका आवाजाच्या जागांना) तोच रिसीव्ह चॅनल द्यावा. केबलमधून निरोप एकदाच जातो. त्याहून चांगलं म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी थर लावूच नयेत, एका वेळी एकच वाद्य वाजवावं. त्याबद्दल खाली बोलतो.

वेळेच्याच बाबतीत आणखी दोन गोष्टी तपासा. एक, अकॉर्डियनची मिडी केबल थेट मॉड्यूलमध्ये जाते आहे आणि शिवाय लॅपटॉपही तेच निरोप मॉड्यूलकडे परत पाठवतो आहे, असं तर नाही ना? मग प्रत्येक स्वर दोनदा वाजतो, नळीतून आल्यासारखा पोकळ ऐकू येतो आणि मॉड्यूलची स्वर धरण्याची क्षमता निम्मी होते. दोन वाटांपैकी एक बंद करा. दुसरी गोष्ट, मॉड्यूलचा आवाज ऐकायचा तो इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून, सॉफ्टवेअरच्या वाटेने फिरून आलेला नको. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेला २१ मिलिसेकंद. सात मीटर लांब ठेवलेल्या स्पीकरसमोर बसून वाजवल्यासारखं होतं ते. हात नकळत पुढे पळतो आणि ट्रॅकभर ती घाई उमटते.

आता भाता.

बहुतेक मिडी अकॉर्डियनमध्ये भात्याचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तो दाब ० ते १२७ या आकड्यांत, बहुधा कंट्रोलर ११ म्हणजे एक्स्प्रेशन (वाजवता वाजवता आवाज लहान-मोठा करणारा मिडी निरोप) म्हणून पाठवतो. काहींत तो बंद-चालू करता येतो, काही जुन्या बसवणीत नसतोच. असला तर मॉड्यूलमधल्या स्ट्रिंग्जसुद्धा तुमच्या भात्याने श्वास घेतात. ऐकायला मोठं छान वाटतं आणि फसगत होते ती इथेच.

माझं उदाहरण सांगतो. तीन मात्रांचा एक वॉल्ट्झ होता. मी एकाच बैठकीत उजवा हात, बेस, कॉर्ड आणि उजव्या हातावर चढवलेल्या स्ट्रिंग्ज असं सगळं मिडीत घेतलं. वाजवताना मजा आली. नंतर हेडफोन लावून ऐकलं तर दर चार मापांनी अख्खा वाद्यमेळ उचकी दिल्यासारखा थांबत होता. भाता उघडता उघडता बंद करायला वळवला की मधल्या एका क्षणी दाब शून्यावर येतो. खऱ्या रीडला त्याचं काही वाटत नाही, अकॉर्डियनचा तो स्वभावच आहे, कानाला तो वाक्यातल्या स्वल्पविरामासारखा लागतो. पण त्याच क्षणी स्ट्रिंग्जही शून्यावर, तारेचा बेसही शून्यावर! छेडलेली तार अशी कधी गप्प होत नाही. सॉफ्टवेअरच्या मिडी संपादनाच्या खिडकीत कंट्रोलर ११ ची रेषा उघडून बघितली तर प्रत्येक ट्रॅकवर एकाच जागी तीच दरी. चार वाद्यं आणि चौघांना मिळून एकच फुप्फुस.

थर गढूळ वाटण्याचं खरं कारण मला तेव्हा कळलं. आवाज वेगळे असले तरी ते एकाच वेळी फुगतात आणि एकाच वेळी ओसरतात, त्यामुळे कान त्यांना सुटं करू शकत नाही. चार वाद्यं वाजत असूनही ऐकू येतं एकच जाडजूड ऑर्गन. मग आपण आवाज बदलतो, इक्वलायझर फिरवतो, नवं मॉड्यूल घ्यायचा विचार करतो. एका भात्यावर चढवलेले पाच उत्तम आवाज घ्या किंवा पाच भात्यांवर वाजवलेले पाच सामान्य आवाज घ्या. मी डोळे मिटून दुसरे घेईन.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, तिच्या स्वतःच्या भात्याने. कागदावर प्रत्येक भागासाठी भाता वळवायच्या जागा बाणांनी आधीच लिहून ठेवतो आणि त्या मुद्दाम एकमेकींशी जुळू देत नाही. मुख्य ओळ चौथ्या मापाच्या शेवटी वळली तर मधली ओळ तिसऱ्या मापाच्या मध्यावर, स्ट्रिंग्ज पाचव्यात शिरल्यावर. समूहगायनात सगळे एकदम श्वास घेत नाहीत, आळीपाळीने घेतात, तसंच. एवढा एक बदल केल्यावर तोच जुना वॉल्ट्झ, त्याच मॉड्यूलवर, चौघांनी वाजवल्यासारखा वाटू लागला.

ज्या वाद्यांना भाता नाही त्यांना भाता देऊ नका. बेस, ड्रम, पियानो, व्हायब्राफोन या चॅनलवर कंट्रोलर ११ गाळून टाका आणि आकडा एकदाच, समजा ११० वर, बांधून ठेवा. स्ट्रिंग्जला भाता हवा, पण सबंध नको. ० ते १२७ ची चाल ७० ते १२० च्या मध्ये दाबून बसवा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते. क्लॅरिनेट, ओबो अशा फुंकवाद्यांना मात्र पूर्ण भाता द्या, तिथे तो शोभतो. सेन्सर नसलेला अकॉर्डियन असेल तर एक्स्प्रेशनचा पेडल लावा आणि ती हालचाल दुसऱ्या फेरीत, ट्रॅक ऐकत ऐकत पायाने भरा. माऊसने काढलेली रेषा चालते, पण ती फार गुळगुळीत असते आणि ते लगेच कळतं.

मॉड्यूलमधला अकॉर्डियन खऱ्या अकॉर्डियनवर चढवू नका, हा माझा हट्ट समजा हवं तर. दोघांच्या रीड वेगळ्या डुलतात, स्वर सुरू होण्याची तऱ्हा वेगळी असते आणि नकली भाग असलीलाही नकली करून टाकतो. रीडचा थर रीडनेच हवा असेल तर खराच अकॉर्डियन पुन्हा वाजवा, मात्र रजिस्टर बदलून. मुख्य ओळ म्युझेटवर असेल तर मधल्या ओळी क्लॅरिनेटच्या एकेरी रीडवर, खालची साथ बासूनवर. म्युझेट एका वेळी एकाच थराला. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना खर्ज आणि नर यांतला फरक हाताला माहीत असतो; इथेही तोच विचार, फक्त एकेक रीड वेगळ्या फेरीत भरायची. मॉड्यूलकडून घ्यायचं ते रीडकडे नाही ते: छेडलेला बेस, स्ट्रिंग्ज, बासरी, तालवाद्य.

क्रम माझा असा असतो. आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टकटकीवर) संपूर्ण चाल एकदा साधी वाजवून घेतो. हा ट्रॅक शेवटी पुसायचाच असतो. मग बेस, मग कॉर्ड, मग मधल्या ओळी आणि मुख्य अकॉर्डियन सगळ्यांत शेवटी, कारण सगळं ऐकत वाजवलं की हात आपोआप कमी वाजवतो. बेस आणि कॉर्ड मिडीत घेताना बघा, डाव्या हाताची बटणं आपण अगदी तुटक दाबतो, रीडला ते पुरतं. मॉड्यूलच्या बेसला तेवढ्या लांबीत पूर्ण बोलताच येत नाही, म्हणून बेसचे स्वर नंतर थोडे लांबवा. शिवाय डावीकडचे बेसचे स्वर एका सप्तकातच फिरतात, त्यामुळे चढत जाणारी ओळ मध्येच खाली उडी मारते. खऱ्या वाद्यात ते झाकलं जातं, कारण एका बटणावर वेगवेगळ्या सप्तकांतल्या रीड एकत्र बोलतात. मॉड्यूलच्या एकट्या बेसमध्ये ती उडी टोचते, ते दोन-तीन स्वर हाताने सप्तक बदलून घ्या. आणि क्वांटाइझ (स्वर आपोआप अचूक मात्रेवर सरकवणं) करायचंच तर निम्म्यावर थांबा. शंभर टक्के केलं की आत्तापर्यंत कमावलेला भाता वाया गेला म्हणून समजा.

सगळं मिडीत मनासारखं झालं की मग मॉड्यूलचा आवाज ऑडिओत उतरवायचा, एका वेळी एकच भाग, बाकीचे म्यूट. पुष्कळ मॉड्यूलना बाहेर एकच स्टिरिओ जोडी असते. सगळं एकदम उतरवलंत की बेस वेगळा कमी-जास्त करायची संधी कायमची गेली. एकेक उतरवताना वेळ जातो, पण लांब सुटणाऱ्या स्ट्रिंग्जमुळे स्वर मध्येच कापले जाण्याचा त्रासही संपतो. मॉड्यूलचा रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर ठेवा, म्हणजे कंट्रोलर ९१ आणि ९३. प्रत्येक मिडी ट्रॅकच्या आधी एक रिकामं माप सोडून त्यात बँक, मग प्रोग्राम नंबर (हे दोन मिळून आवाज निवडतात), मग व्हॉल्यूम आणि एक्स्प्रेशनचे आकडे याच क्रमाने लिहून ठेवा. एक्स्प्रेशन लिहायचं राहिलं आणि मागच्या वेळी भाता शून्यावर थांबलेला असला, तर ट्रॅक पूर्ण मुका वाजतो आणि आपण केबली तपासत बसतो.

मॉड्यूलची तार इंटरफेसच्या लाइन इनपुटला, माइकच्या नाही. मॉड्यूलचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण आणि इंटरफेसचा गेन कमी, सर्वांत मोठा क्षण उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या आसपास. २४ बिटमध्ये त्याहून वर चढवून काही मिळत नाही. उतरवलेला ऑडिओ मिडीच्या मागे किती पडतो तेही एकदा मोजून ठेवा. मॉड्यूलकडून प्रत्येक मात्रेवर साइडस्टिकचा (ड्रमच्या कडेवर काठी मारल्याचा) एक ठोका वाजवून घ्या, रेकॉर्ड करा, लाट मोठी करून बघा. ३०० सॅम्पल मागे असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ते सव्वासहा मिलिसेकंद होतात, तेवढे सगळे मॉड्यूल ट्रॅक आधी, म्हणजे पडद्यावर डावीकडे, ओढा.

खऱ्या अकॉर्डियनसाठी माइक फार जवळ नेऊ नका. प्रत्येक स्वराची रीड वेगळ्या जागी बसलेली असते, त्यामुळे जाळीला चिकटवलेल्या माइकमध्ये काही स्वर ओरडतात आणि काही मागे राहतात. ४०-५० सेंटीमीटर ठीक. डावी बाजू भात्याबरोबर हलते, तिचा माइक आणखी थोडा लांब. पण बेस आणि कॉर्ड मॉड्यूलमधून घेतले असतील तर डाव्या माइकची गरजच नाही. डावा हात फक्त भाता ओढू द्या. रजाई किंवा जाड पांघरूण लावायचं ते वाजवणाऱ्याच्या पाठीमागे, कारण कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त ऐकणाऱ्या माइकचं तोंड तिकडेच असतं. भाता बांधायचे पट्टे नीट अडकवा, शर्टाची बटणं भात्याला घासत नाहीत ना ते बघा. थंड जागेतून आणलेला अकॉर्डियन खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत वाजवू नका, पोलादी रीडवर दव धरतं. पट्ट्यांची टकटक थोडी येणारच. मी ती ठेवतो.

मिश्रणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बेस मध्यभागी, मधल्या ओळी डावी-उजवीकडे, उजव्या हाताच्या माइकला ८०-१०० हर्ट्झखाली काट, सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब.

घूं असा अखंड आवाज येत असेल तर मॉड्यूलची यूएसबी केबल काढून बघा. थांबला तर तो जमिनीच्या तारेचा फेरा आहे: मॉड्यूल लॅपटॉपला यूएसबीनेही जोडलंय आणि ऑडिओ केबलनेही. मिडीसाठी पाच पिनांची केबल वापरा. तिच्या टोकाला प्रकाशाने निरोप पोचवणारा ऑप्टो-आयसोलेटर असतो, त्यामुळे तिच्यातून हा फेरा पुरा होत नाही.

यातलं काहीही करायच्या आधी तुमच्या आत्ताच्या फाइलमध्ये चारही मिडी ट्रॅकच्या कंट्रोलर ११ च्या रेषा एकाखाली एक लावा. सगळ्या एकाच जागी खाली उतरत असतील तर बेसवरची ती रेषा पुसा, तिथे ११० लिहा आणि स्ट्रिंग्जची ओळ नव्या भात्याने पुन्हा वाजवा.